बंद घरातली तहान

सकाळची घाई आटोपून दाराला कुलूप लावण्याआधी काही घरांत कुत्र्याचं पाण्याचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं जातं. काही घरांत ते जागेवरच राहतं, पण मुद्दाम अर्धंच भरलं जातं. यामागे दुष्टपणा नसतो, धास्ती असते. परत यायला संध्याकाळचे सात-आठ वाजणार, तोवर कुत्र्याला खाली न्यायला कोणी नाही. पोटभर पाणी प्यायला तर दुपारी सोफ्याच्या पायाशी लघवी करून ठेवणार, आणि दमून घरी आल्यावर आधी फरशी पुसावी लागणार. मुंबईत विरार किंवा कल्याणहून लोकल पकडणारा, पुण्यात हिंजवडीच्या वाहतुकीत अडकणारा माणूस नोकरीचे आठ-नऊ तास आणि जाण्यायेण्याचे दोन-तीन तास धरून दहा-बारा तास घराबाहेर असतो. करोनाच्या काळात घरून काम करताना पिल्लू आणलेल्या अनेकांवर कार्यालयं पुन्हा सुरू झाल्यावर हीच वेळ आली. अडचण खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ती आपल्या वेळापत्रकातून आलेली अडचण आहे. तिचं उत्तर वेळापत्रकातच शोधायला हवं. कुत्र्याच्या पाण्यावर काट मारून ती सुटत नाही, उलट वाढते. असं का, हे समजून घ्यायचं तर कुत्र्याचं शरीर पाण्याचं काय करतं इथपासून सुरुवात करावी लागेल.

निरोगी, मोठ्या कुत्र्याला दिवसभरात दर किलो वजनामागे साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याला अर्धा ते पाऊण लिटर, आणि ३० किलोच्या लॅब्रेडॉरला सव्वा ते पावणेदोन लिटर. यात अन्नातून मिळणारं पाणीही धरलेलं असतं, आणि इथेच गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला आहे. पूर्वी घरच्या कुत्र्याला दूध-भाकरी, भात, उरलेली आमटी मिळायची. त्या खाण्यात पाण्याचा अंश भरपूर असे. आता शहरांत पाकिटातलं कोरडं खाद्य रुळलं आहे आणि त्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं. रोज २०० ग्रॅम कोरडं खाणाऱ्या कुत्र्याच्या पोटात अन्नाबरोबर फक्त २० मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे चार चमचे. शिजवलेल्या भात-चिकनमध्ये किंवा डब्यातल्या ओल्या खाद्यात निम्म्याहून बराच जास्त भाग पाण्याचा असतो. सकाळी आठला वाटीभर कोरडं खाद्य खाऊन मागे राहिलेल्या कुत्र्याला ते पचवण्यासाठीच पाणी हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच भांडं उचललेलं असतं. खाद्य बदलताना आपण पाकिटावरचे प्रथिनांचे आकडे वाचतो. भांड्यात पाणी किती वाढवायला हवं, हा प्रश्न मात्र सहसा आपल्याला पडत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम आणणाऱ्या ग्रंथी जवळजवळ तळपायांच्या गादीपुरत्याच असतात आणि शरीर थंड ठेवायला त्यांचा उपयोग नगण्य. कुत्रा थंड होतो तो धापा टाकून. विश्रांती घेताना मिनिटाला १० ते ३० श्वास घेणारा कुत्रा उन्हाच्या तडाख्यात मिनिटाला ३०० च्या पुढे जातो. धापताना तो बहुतांशी नाकानं हवा आत घेतो आणि तोंडानं बाहेर सोडतो. वाटेत नाकातल्या, तोंडातल्या आणि जिभेवरच्या ओलाव्याची वाफ होते आणि ती रक्तातली उष्णता घेऊन जाते. एक मिलिलिटर पाण्याची वाफ होताना जवळपास अडीच किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही यंत्रणा उत्तम आहे, पण ती चालते पाण्यावर. शरीरातलं पाणी कमी झालं की तोंड कोरडं पडतं, लाळ चिकट होते, वाफ कमी होते आणि शरीर तापायला लागतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं की उष्माघात ओढवतो आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंडं अशा अवयवांना इजा होऊ लागते. सुखरूप आणि धोक्याच्या तापमानात अंतर आहे ते एवढंच, दोनेक अंशांचं.

आपल्याकडची हवा हे अंतर आणखी कमी करते. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास जातो. हवा कोरडी असल्यानं तिथे वाफ भराभर होते, म्हणून कुत्र्याचं पाणीही भराभर संपतं. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी या किनारपट्टीवर पारा तेवढा चढत नाही, पण हवेत आधीच दमटपणा असल्यामुळे वाफ सहज होत नाही. तितकाच गारवा मिळवायला कुत्र्याला जास्त वेळ धापावं लागतं. धापण्यासाठी स्नायूंना काम करावं लागतं आणि त्या कामातूनही उष्णता तयार होते. त्यात बंद घराची भर पडते. जाताना खिडक्या लावलेल्या असतात, पंखा बंद केलेला असतो, वीजबचत म्हणून मेन स्विचही बंद असतो. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट किंवा पत्र्याचं घर दुपारी दोन ते पाचमध्ये बाहेरपेक्षाही तापलेलं असू शकतं. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या तोंडाच्या जातींत नाकाची वाटच आखूड आणि अरुंद असते, त्यामुळे धापण्याचा उपयोग त्यांना कमी होतो. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीच्या अंगावर तर दुहेरी केसांचा थर असतो. हे कुत्रे आपल्या उन्हाळ्यात दिवसभर बंद घरात ठेवायचे आणि पाणी मोजून द्यायचं, हा सरळ जिवाशी खेळ आहे.

आता मूळ धास्तीकडे येऊ. पाणी कमी ठेवलं तर लघवी कमी होईल, हा हिशोब वरवर पटणारा आहे, पण तो अर्धवट आहे. मूत्रपिंडाचं काम फक्त जास्तीचं पाणी बाहेर टाकणं एवढंच नाही. प्रथिनं पचल्यावर तयार होणारा युरिया, जास्तीचे क्षार आणि इतर टाकाऊ द्रव्यं रोज बाहेर जावीच लागतात आणि ती पाण्यात विरघळूनच जातात. नेहमीच्या स्थितीत कुत्र्याच्या शरीरात दर किलोमागे तासाला साधारण एक ते दोन मिलिलिटर लघवी तयार होते. १२ किलोच्या कुत्र्याच्या मूत्राशयात दहा तासांत १२० ते २४० मिलिलिटर जमा होणार. पाणी तोडलं की मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगतं. लघवीचं प्रमाण घटतं, पण ती थांबत नाही. ती घट्ट, गडद आणि उग्र वासाची होते. क्षारांचं प्रमाण वाढलेली अशी लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहिली तर खडे तयार व्हायला वाव मिळतो. ज्या कुत्र्यांना आधीच खड्यांचा त्रास आहे त्यांच्यावरच्या उपचारांत जास्त पाणी पाजून लघवी पातळ ठेवणं हा मुख्य भाग असतो, यावरूनच दिशा कळते. शिवाय ही तहान कुठे नाहीशी होत नाही. संध्याकाळी भांडं समोर आलं की कुत्रा ते एका दमात रिकामं करतो आणि रात्री दोनला दाराशी जाऊन उभा राहतो. दुपारची अडचण मध्यरात्रीवर ढकलली जाते आणि फरशी पुसायची वेळही टळत नाही.

किती पाणी प्यायचं हे कुत्र्याला नीट कळतं. अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अडॉल्फ यांनी १९३९ मध्ये कुत्र्यांच्या पाणी पिण्याची मोजमापं प्रसिद्ध केली. शरीरातलं पाणी कमी झालेल्या कुत्र्यासमोर पाणी ठेवलं तर तो काही मिनिटांतच जवळपास तुटीइतकं पाणी पितो आणि थांबतो, असं त्यांना दिसलं. प्यायलेलं पाणी आतड्यातून रक्तात पोचायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे कुत्र्याच्या तोंडात आणि घशातच पाण्याचा अंदाज घेणारी व्यवस्था असते आणि ती फार अचूक चालते. नंतरच्या संशोधनातही दिसलं की तहानलेला कुत्रा पाणी पिऊ लागला की पाणी रक्तात मिसळायच्या आधीच व्हॅसोप्रेसिनचं प्रमाण घसरू लागतं. इतकी नेमकी मोजणी ज्याच्या शरीरातच आहे, त्याच्यासाठी बाहेरून आपण माप ठरवण्याचं कारण उरत नाही. संध्याकाळी तुम्ही आल्या आल्या कुत्रा तुमच्या अंगावर उड्या मारायचं सोडून आधी भांड्याकडे धावत असेल आणि ते तळापर्यंत चाटून काढत असेल, तर त्याचा अर्थ स्पष्ट आहे. दिवसभरात त्याच्या शरीरात तूट साठली होती.

हा नियम निरोगी कुत्र्याचा झाला. घरात म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल तर पाणी तोडणं थेट धोक्याचं ठरतं, आणि अडचण अशी की आजार बाहेरून दिसतोच असं नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात लघवी घट्ट करण्याची क्षमता हरवते तेव्हा मूत्रपिंडांचा सुमारे दोन तृतीयांश भाग आधीच निकामी झालेला असतो. असा कुत्रा पाणी मिळालं नाही तरी पातळ लघवी करतच राहतो, आणि शरीर आतून सुकत जातं. घरच्यांना तेवढ्यात दिसतं ते एवढंच की तो हल्ली फार पाणी पितो आणि घरात लघवी करतो. मधुमेह, कुशिंगचा आजार, मादीच्या गर्भाशयात होणारा पू, यांतही तहान वाढते. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स, हृदयविकारात दिलं जाणारं फ्युरोसेमाइड, फिट्सवरचं फेनोबार्बिटोन या औषधांनीही तहान आणि लघवी वाढते. अशा वेळी जास्त पाणी पिणं ही वाईट सवय नसून रोगाचं किंवा औषधाचं लक्षण असतं. लक्षण दडपण्यासाठी भांडं काढून घेतलं तर निदान लांबतं आणि कुत्रा खालावतो. चांगला शिकवलेला मोठा कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर पहिला फोन पशुवैद्याला करावा, भांड्याला हात लावू नये.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की कुत्रा काटक प्राणी आहे, आठ-दहा तास पाण्याविना राहिला म्हणून काही बिघडत नाही. यात तथ्य आहे. कुत्र्याची मूत्रपिंडं माणसापेक्षा जवळपास दुप्पट घट्ट लघवी तयार करू शकतात, आणि थंडीच्या दिवसात एखादा निरोगी कुत्रा एक दिवस पाण्याविना राहिला तर तो आजारी पडेलच असं नाही. पण ही क्षमता संकटासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. शरीराच्या वजनाच्या पाच टक्के पाणी घटलं की हिरड्या कोरड्या आणि चिकट लागू लागतात, खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात नाही. घट दहा-बारा टक्क्यांवर गेली तर जीव धोक्यात येतो. एक दिवस निभावलं याचा अर्थ वर्षातले अडीचशे-तीनशे कामाचे दिवस निभावेल असा होत नाही, आणि त्या दिवसांत मे महिनाही येतो. याच आक्षेपाचा दुसरा अवतार म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांचं उदाहरण. त्यांना कोण भांडं भरून देतं, असं विचारलं जातं. रस्त्यावरचा कुत्रा तहान लागली की चालत जातो. नळाखालचं डबकं, हॉटेलच्या मागची मोरी, कुणी दाराबाहेर ठेवलेली कुंडी तो शोधतो, आणि दुपारी उभ्या गाडीखाली ओल्या मातीत पडून राहतो. बरेचदा त्याचेही हाल होतात. पण हालचालीचं स्वातंत्र्य त्याच्याकडे असतं, ते घरातल्या कुत्र्याकडून आपण कुलूप लावून काढून घेतलेलं असतं. ज्यानं वाट बंद केली त्याच्यावरच सोय करण्याची जबाबदारी येते.

दुसरा आक्षेप निरीक्षणातून येतो. भांडं भरून ठेवलं तरी कुत्रा दिवसभर त्याला तोंड लावत नाही, झोपूनच असतो, मग भरायचं कशाला? एकटे राहिलेले कुत्रे बहुतेक वेळ पडून असतात हे अभ्यासांतही दिसलं आहे. स्वीडनमध्ये थेरेसे रेन आणि लिंडा कीलिंग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास आणि चार तास एकटं ठेवून कॅमेऱ्यानं पाहिलं, तेव्हा एकटेपणीचा बहुतेक वेळ ते आडवेच होते. मात्र दोन आणि चार तासांनंतर परतलेल्या मालकाचं स्वागत त्यांनी अर्ध्या तासानंतरच्या मानानं जास्त जोरात केलं. स्वस्थ पडून असणं म्हणजे काहीच जाणवत नसणं, असा अर्थ काढता येत नाही. काही कुत्रे एकटेपणाच्या ताणामुळे खाणं-पिणंच टाळतात. अशा कुत्र्याच्या बाबतीत भरलेलं भांडं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. त्याला दिवसात मधे एकदा कोणाची तरी सोबत हवी असते आणि सोबत मिळाली की तो पाणीही पितो. न प्यायलेलं पाणी वाया गेलं असं समजू नये. ते हाताशी असणं हीच त्याची किंमत आहे, कारण पंखा कधी बंद पडेल आणि लोकल कधी तासभर अडकेल हे सकाळी ठाऊक नसतं.

तिसरा आक्षेप पिल्लांच्या शिकवणीचा आणि पोटफुगीच्या भीतीचा. पिल्लाला लघवी धरता येत नाही, म्हणून पाणी मोजून द्या, असा सल्ला कानावर येतो. रात्री झोपण्याआधी तासभर भांडं उचलणं आणि त्याआधी पिल्लाला एकदा फिरवून आणणं, हा शिकवणीचा भाग असू शकतो, कारण तेव्हा घरात माणसं असतात, हवा थंड असते आणि पिल्लू कण्हलं तर कोणी उठतं. तोच नियम दिवसाच्या दहा तासांना लावता येत नाही. पिल्लू साधारण जितक्या महिन्यांचं तितके तास लघवी धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला तीन-चार तासांनी मोकळं व्हायला न्यावंच लागतं, पाणी दिलं तरी आणि नाही दिलं तरी. ज्या घरात दिवसा कोणी नसतं आणि कोणाची व्यवस्थाही होऊ शकत नाही, त्या घरानं पिल्लू आणूच नये, हे कठोर वाटलं तरी खरं आहे. पोटफुगीचं म्हणाल तर भीती एका दमात ढोसलेल्या पाण्याची आणि भरभर गिळलेल्या अन्नाची असते. अशी अधाशी पिण्याची वेळ येते तीच मुळी दिवसभर पाणी तोडल्यामुळे. जो कुत्रा हवं तेव्हा चार घोट पिऊ शकतो, तो सहसा भांड्यावर तुटून पडत नाही.

मग लघवीचं काय करायचं? याचं खरं उत्तर दुपारची फेरी हेच आहे. निरोगी मोठा कुत्रा सहा ते आठ तास लघवी धरू शकतो, दहा-बारा तास धरायला लावणं हा अन्याय आहे. स्वीडनच्या नियमांत घरात ठेवलेल्या कुत्र्याला किमान दर सहा तासांनी बाहेर नेण्याची अट आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, पण शरीर तेच आहे. शेजारचे निवृत्त काका-काकू, कॉलेजात जाणारा ओळखीचा मुलगा, पगार देऊन ठेवलेला डॉग वॉकर, किंवा दुपारी भांडी घासायला येणाऱ्या ताईंना ठरवून दिलेले जास्तीचे पैसे, यांतली कुठली तरी सोय बहुतेक शहरांत होऊ शकते. एका चावीची आणि २० मिनिटांची ही व्यवस्था आहे. एकाच इमारतीत तीन-चार घरांत कुत्रे असतील तर सगळ्यांनी मिळून एक माणूस ठेवला तर खर्चही वाटला जातो. ते जमलंच नाही तर बाल्कनीत किंवा बाथरूमच्या कोपऱ्यात लघवीची जागा ठरवून, तिथे ट्रे किंवा शोषून घेणारे पॅड ठेवून कुत्र्याला त्याची सवय लावता येते. काही सोसायट्या कुत्र्यांना लिफ्ट वापरू देत नाहीत आणि त्यामुळे आठव्या मजल्यावरून दुपारी कुत्रा खाली न्यायला कोणी तयार होत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर लिफ्टची बंदी घालता येत नाही. ती बंदी उठवून घेणं हाही कुत्र्याला पाणी देण्याचाच एक भाग आहे.

भांड्याचा विचार नीट केला तर उरलेल्या तक्रारी सुटतात. कुत्रा माणसासारखं ओठ मिटून पाणी ओढून घेऊ शकत नाही. तो जिभेचं टोक मागे वळवून पाण्यावर मारतो आणि झटक्यानं वर घेतो. जिभेला चिकटून पाण्याचा एक उभा खांब वर येतो आणि तो खाली पडायच्या आत कुत्रा तोंड मिटतो. यामुळे प्रत्येक घोटाबरोबर पाणी भांड्याबाहेर उडणारच, तो त्याचा गचाळपणा नाही. म्हणून भांडं पसरट, बुडाशी जड आणि न घसरणारं हवं, आणि ते एका मोठ्या परातीत ठेवलं की सांडलेलं पाणी परातीतच राहतं. स्टेनलेस स्टीलचं भांडं सगळ्यात सोयीचं, कारण प्लास्टिकला चरे पडतात आणि चऱ्यांत जंतू घर करतात. भांड्याच्या आतून बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, तो जंतूंचा असतो. नुसतं पाणी ओतून टाकल्यानं तो जात नाही, रोज साबणानं घासावा लागतो. एकाऐवजी दोन भांडी, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवावीत. वाऱ्यानं खोलीचा दरवाजा आपटून बंद होतो आणि कुत्रा आत, भांडं बाहेर अशी स्थिती होते, म्हणून दारांना अडसर लावूनच निघावं. दुपारी ऊन सरकून कुठपर्यंत येतं ते सुट्टीच्या दिवशी एकदा पाहून ठेवावं आणि भांडं त्या पट्ट्याबाहेर ठेवावं. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या हवेत मातीच्या परळात पाणी छान गार राहतं. किनाऱ्यावर तेवढं राहत नाही, तिथे निघताना भांड्यात बर्फाचे चार खडे टाकले तरी चालतात, निरोगी कुत्र्याला त्यानं अपाय होत नाही. आपोआप भरणारी बाटली किंवा विजेवर चालणारं कारंजं जोडीला ठेवायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. वीज जाते, नळी तुंबते, आणि आतला थर दिसत नाही. आणि निघण्यापूर्वी कमोडचं झाकण, फिनेलची बादली आणि कुंड्यांखालच्या ताटल्या बघाव्यात, कारण तहानलेला कुत्रा तिथेही तोंड घालतो.

पावसाळ्यात काळजीचं स्वरूप बदलतं. तळमजल्यावर किंवा उघड्या बाल्कनीत ठेवलेल्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळली तर लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही. भांडं घरात ठेवणं आणि पशुवैद्याच्या सल्ल्यानं लस देणं हा त्यावरचा उपाय. डेंग्यूच्या डासांच्या धास्तीनं पाणीच न ठेवणारेही आहेत. एडिस डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. जे भांडं रोज ओतून, घासून भरलं जातं त्यात तो वाढूच शकत नाही. पाणी कोणतं, असाही प्रश्न येतो. जे पाणी घरातली माणसं पितात तेच कुत्र्याला द्यावं. दूध हा पाण्याला पर्याय नाही, अनेक मोठ्या कुत्र्यांना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब होऊन उलट पाणी घटतं. मीठ घातलेलं ताकही नको.

भरलेलं भांडं आणखी एक काम करतं, ते म्हणजे बातमी देण्याचं. सकाळी ठरलेल्या मापानं पाणी भरलं आणि रात्री उरलेलं मोजलं की आपल्या कुत्र्याचं रोजचं पिणं आठवडाभरात कळतं. १२ किलोच्या कुत्र्यासाठी सकाळी एक लिटर भरलं, संध्याकाळी साडेसहाशे मिलिलिटर उरलं, रात्री आणखी दोनशे प्यायलं, तर सगळं ठीक आहे. हेच पिणं कारणाशिवाय दुप्पट झालं, किंवा दिवसाला दर किलोमागे १०० मिलिलिटरच्या पुढे गेलं, तर रक्त-लघवी तपासून घ्यावी. अचानक पिणं थांबलं तरीही दाखवून घ्यावं. पाणी मोजून देण्याऐवजी प्यायलेलं पाणी मोजलं, तर मूत्रपिंडाचा किंवा मधुमेहाचा आजार लवकर हाती लागण्याची शक्यता असते. हा लाभ भांडं उचलून ठेवणाऱ्याला कधीच मिळत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी कर्तव्याचा प्रश्न आहे, आणि तो कायद्यानंही मान्य केलेला आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीतून प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. त्याच्या कलम ११ मध्ये मालकानं प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं ही क्रूरता मानली आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे, त्यामुळे कायद्याच्या धाकानं काही बदलेल अशी आशा करता येत नाही. पण त्यातली भूमिका महत्त्वाची आहे. पाणी देणं ही तिथे दया मानलेली नाही, प्राणी ताब्यात घेणाऱ्याचं कर्तव्य मानलं आहे. प्राणी कल्याणाच्या क्षेत्रात जगभर मानल्या जाणाऱ्या पाच स्वातंत्र्यांतलं पहिलं भूक आणि तहान यांपासून मुक्ती हे आहे, आणि जल्लीकट्टूच्या खटल्यात २०१४ मध्ये निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. कुत्र्याला नळ सोडता येत नाही, दार उघडता येत नाही, फोन करून कोणाला बोलावता येत नाही. त्याचं पाणी पूर्णपणे आपल्या हातात आहे. म्हणून उद्या सकाळी निघताना दोन भांडी काठोकाठ भरा, दारांना अडसर लावा, पंखा चालू ठेवा, आणि या रविवारी दुपारच्या फेरीसाठी कोणाला तरी चावी द्यायचं नक्की करा. हे जमणार नसेल तर कुत्रा पाळू नका.